शिळं पाणी

चिपळूणला परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी भेटेल तो एकच विचारतो, "लातूरला? आणि तेही ऐन उन्हाळ्यात?" जणू मी तुरुंगात जाऊन आले. काही जण आवाज खाली आणून विचारतात, "आंघोळीला तरी पाणी मिळालं का हो?" पहिले चार दिवस मी सभ्यपणे उत्तरं दिली. पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि ठरवलं की एकदाच सगळं लिहून काढावं आणि विचारणाऱ्याच्या हातात कागद द्यावा.

लातूरला माझी मैत्रीण कौसल्या राहते. डी.एड.ला आम्ही दोघी दोन वर्षं एका खोलीत होतो. मी गुहागरकडची, ती औशाच्या पुढच्या एका गावची. मी परीक्षेच्या आधी रडायची आणि ती माझ्या वाटची पोळी खाऊन टाकायची, अशी आमची दोस्ती. मग मला इकडे शाळा मिळाली, तिला लातुरात. ती वर्षानुवर्षं बोलवत होती. "ये, पण उन्हाळ्यात ये," म्हणायची. "हिवाळ्यात येऊन काय बघशील? हुरडा?"

मी गेले नाही. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हाही गेले नाही. गणपती बोळवून गाव झोपलं होतं, पहाटे जमीन हलली आणि कौसल्याची आई घराखाली गेली. मी एक पत्र टाकलं, आणि शाळेने मदत म्हणून गोळा केलेल्या कपड्यांच्या गाठोड्यात माझी चार जुनी पातळं दिली. त्यानंतर वीसेक वर्षं आम्ही दिवाळीला फोन करत राहिलो.

या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पहिलं काम म्हणून लातूर गाठायचं ठरवलं. रिकाम्या हाताने कसं जायचं? दुष्काळाच्या बातम्या रोज वाचत होते. म्हणून आमच्या परसातल्या विहिरीचं पाणी पाच-पाच लिटरच्या दोन कॅनमध्ये भरलं आणि ते ओझं वागवत निघाले. हे वाचून हसणाऱ्यांनी थोडं थांबावं, पुढे याहून हसण्यासारखं आहे.

अर्धापूर

लातूरला थेट गाडी असताना मी नांदेडला उतरले, कारण कौसल्याचा हुकूम होता. ती आता शाळा सोडून मेस चालवते आणि वरच्या मजल्यावर क्लासच्या आठ मुली ठेवते. त्यातल्या प्रतीक्षाचं घर अर्धापूरला. "तिच्या घरी एक मुक्काम कर आणि येताना तिचा डबा घेऊन ये," असं तिने फोनवर बजावलं होतं. मी कॅनचं ओझं सांभाळत जीपने अर्धापुरात पोचले.

अर्धापूर म्हणजे केळीचा मुलूख. मी आपली डोळ्यांपुढे हिरवीगार बाग घेऊन गेले होते. प्रतीक्षाचे वडील दत्तराव मला बागेत घेऊन गेले, तर बाग बांधापासून मधल्या पाटापर्यंत होती आणि पाटापलीकडे नुसते बुंधे.

"हाव, म्याच काढली," दत्तराव म्हणाले. "निम्मी काढली, निम्मी जगवली."

"अहो, पण उभी झाडं?"

"बाई, मागल्या साली घड भरले आन् मार्चात गारा पडल्या. समदे आडवे. यंदा मार्चातच वैशाखाचं ऊन. पैले मी बागंला इचारायचो, तुला किती पाणी पायजे. आता पाण्याला इचारतो, बाबा, तू किती झाडं जगवशील."

प्रत्येक झाडाच्या बुडाशी ठिबकची नळी होती आणि नळीभोवती वाळलेल्या पानांचं जाड आच्छादन. दत्तरावांनी पानं बाजूला सारून मला माती दाखवली. ओली होती. त्यांनी पानं पुन्हा तशीच नीट पसरली, लेकराला पांघरूण घालावं तशी.

मी शिक्षिका. न मागता सल्ला दिल्याशिवाय मला अन्न पचत नाही. म्हटलं, "मग सरळ दुसरं काही का करत नाही? जमीन विकून शहरात..."

"कामून?" ते माझ्याकडे वळून म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पाणी खाली गेलं म्हणून मी बी जाऊ?"

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी होती. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ, ते कढत फोडणीच्या पाण्यात सोडलं की आमटी तयार. तिखट असं की कानातून वाफ निघाली. प्रतीक्षाच्या आईने पेला अर्धा भरला. मी तो संपवल्यावर पुन्हा अर्धा भरला. आमच्याकडे कोणी पेला अर्धा भरला तर पाहुणा मनात अढी धरेल. इथे अर्धा पेला पाच वेळा भरतात, पण भरलेला पेला अर्धा टाकू देत नाहीत.

लातूर

लातूरच्या स्टँडवर उतरल्यावर आधी नाकात गेला तो डाळ मिलचा वास, तुरीच्या टरफलांचा. मग दिसल्या पाट्या. डॉक्टर झालेल्या, होणाऱ्या, होऊ शकणाऱ्या मुलामुलींचे चेहरे इमारतींवर चार-चार मजले चढलेले. खाली रस्त्यावर त्याच वयाची पोरं, पाठीवर पुस्तकांची पिशवी आणि हातात रिकामा कॅन. दुचाकीला दोन्ही बाजूंनी घागरी, रिक्षात माणसांच्या जागी टाकी. सगळं गाव कुठून तरी पाणी घेऊन कुठे तरी निघालेलं होतं, आणि माझ्या हातात दोन कॅन पाहून कोणालाही नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते एकटीला, कौसल्याला. केस पिकलेत, अंगाने भरली आहे, आवाज तसाच, गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाणारा. मिठी मारून झाल्यावर तिची नजर कॅनवर गेली.

"हे काय?"

"आमच्या विहिरीचं पाणी. गोड आहे गं एकदम."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमच्या वाडीवर मे म्हैन्यात टँकर येतो का न्हाई?"

मी कॅन खाली ठेवले. येतो. एवढा पाऊस पडून येतो. परसातली विहीरही तेव्हा तळ दाखवते. बातम्या वाचताना हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"पातळं न्हाई आणलीस, लई बरं केलंस," ती म्हणाली. "भूकंपाच्या वक्ताला आमच्या गावाच्या रस्त्याला जुन्या कपड्यांचे ढीग लागले होते. माय गेलेली, घर गेलेलं आन् लोकं गाडीतून अंगावर झंपर फेकून राहिले होते. तवापासून कुणी कीव केली की माझं मस्तक उठतं." एवढं बोलून तिने कॅन ओट्याखाली सरकवले आणि मला गरम धपाटे वाढले, दह्याबरोबर. तिचं असंच असतं, आधी रपाटा आणि मग धपाटा.

पाण्याची शिस्त तिने त्याच संध्याकाळी समजावली. आंघोळ मोठ्या परातीत उभं राहून, अर्ध्या बादलीत. परातीतलं पाणी फरशीला. फरशीचं पाणी संडासाला. भाज्या धुतलेलं तुळशीला. ताटं आधी राखेने कोरडी पुसायची, मग ओल्या फडक्याने. मुली हे सगळं इतक्या सहज करत होत्या की एकीकडे ताट पुसता पुसता दुसरीला रसायनशास्त्र विचारत होत्या.

आता हसायची जागा आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुली क्लासला आणि कौसल्या मोंढ्यावर, म्हणजे धान्यबाजारात, डाळ आणायला गेली. घरात मी एकटी. काही तरी कामाला हात लावावा म्हणून स्वयंपाकघरात गेले. कोपऱ्यात पाच हंडे ओळीने, फडक्यांनी तोंडं बांधलेली. आता माझ्यावर सासूबाईंचे बत्तीस वर्षांचे संस्कार आहेत. रात्रीचं पाणी सकाळी शिळं होतं. शिळं पाणी ओतायचं, हंडे घासायचे, ताजं भरायचं, मगच चहा. वापरायच्या पाण्याची ओढ आहे हे मला कळलं होतं, पण प्यायचं पाणी तरी रोज येतच असणार, अशी माझी समजूत. आमच्याकडे टँकरच्या दिवसांतही सकाळी तासभर नळ येतोच.

मी पाचही हंडे ओतले. थोडं तुळशीला, थोडं जास्वंदीला, उरलेलं मोरीत. हंडे घासून लखलखीत केले आणि उपडे घातले. मग पदर खोचून नळ सोडला. नळातून हवा आली, फुस्स करून.

तेवढ्यात प्रतीक्षा वही विसरली म्हणून परत आली. दारात उभी राहून बघत राहिली.

"मावशी, हंडे उपडे कामून हायत?"

"शिळं पाणी होतं ना गं, ओतलं. नळ किती वाजता येतो?"

ती तुळशीकडे बघत होती. तुळशीखाली चिखल झाला होता. "नळ शनवारी येऊन गेला मावशी. आता दहा दिसानं येईल." मग अगदी हळू म्हणाली, "प्यायचं होतं ते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार दिवसांवर या आठ मुलींची परीक्षा होती. कोणाच्या बापाने बाग मोडली होती, कोणाचा भाऊ शाळा सोडून हॉटेलात लागला होता, आणि मी त्यांच्या तोंडचं पाणी मोरीत सोडून वर हंडे चकचकीत केले होते.

कौसल्या आली. प्रतीक्षाने सांगितलं. कौसल्याने डाळीची पिशवी खाली ठेवली, एकेक हंडा उचलून आत बघितलं, पुन्हा ठेवला.

"तुला फाशी द्यावं म्हणलं, तर दोरी भिजवायला बी पाणी न्हाई ठिवलंस," ती म्हणाली.

मी रडायला लागले. तिने मला रडू दिलं नाही. "डोळ्यातलं तरी वाचीव," म्हणाली आणि ओट्याखालून माझेच कॅन काढून हंड्यात रिकामे केले. तेवढ्यावर एक दिवस निघाला. त्यानंतर काय झालं ते मी अजून विसरत नाही. शेजारच्या नसीमआपांनी न सांगता एक घागर आणून ठेवली. समोरच्या घरातून कळशी आली, मागच्या गल्लीतून एक डबा. कोणी काही विचारलं नाही, मलाही बघायला कोणी आलं नाही. मुली परीक्षेला गेल्या तेव्हा प्रत्येकीच्या बाटलीत पाणी होतं, पाच घरांचं मिसळलेलं.

परीक्षा झाल्यावर मुली गावाला गेल्या आणि मेस बंद झाली. कौसल्याने पिशवी भरली. "आता मी गावाकडं चालले, आखितीपस्तोर." अक्षय्य तृतीयेला ते आखिती म्हणतात. ती चार दिवसांवर आली होती. "तू बी चल. ओतायचं काम केलंस, आता जरा काढायचं कर."

जुनं गाव

भूकंपानंतर गाव नव्या जागी बसवलं. रस्ते सरळ, घरं सारखी, दारांवर क्रमांक. मुख्य म्हणजे घरात नळ. नळाला वीस वर्षं बोअरने पाणी दिलं. बोअर दर उन्हाळ्यात खोल जात गेली, उसाला पाणी ओढत गेली, आणि आता आत दगड सोडला तर फक्त दगडाचाच आवाज येतो. तिसऱ्या दिवशी टँकर येतो.

जुनं गाव तिथून चालत अर्ध्या तासावर. दगडांचे ढिगारे, त्यांत उगवलेली बाभळ, आणि मधोमध आड. आड म्हणजे गावाची प्यायच्या पाण्याची अरुंद विहीर, पहिल्यापासून चिरेबंदी, सात परस खोल. परस म्हणजे हात वर करून उभ्या असलेल्या माणसाएवढी उंची. हा आड भूकंपाने बुजला नव्हता. गावाने तो स्वतः बुजवला होता.

हे कौसल्याने मला वाटेत सांगितलं. भूकंपानंतर काही म्हातारी माणसं नव्या गावाला जायला तयार होईनात. पाणी आहे तोवर राहू, म्हणत होती. तेव्हा तिच्या चुलत्यांनी, गणपतकाकांनी, बुलडोझरवाल्याला सांगितलं, माझं घर आधी ढकल त्या आडात. काकांची बायको आणि दोन्ही लेकरं गेली होती. त्यांनी पहिलं घर दिल्यावर बाकीच्यांनी दिली. आड भरला आणि गाव उठलं. पुन्हा कोणी इथे परतू नये, कोणाची लेकरं पुन्हा या जमिनीत जाऊ नयेत, म्हणून.

आता कौसल्या आणि नव्या गावातल्या वीस-पंचवीस बाया तो आड उपसत होत्या. गेली दोन वर्षं वरच्या ओढ्यावर त्यांनी दगडांचे लहान बांध घातले होते. पाऊस आता चार महिन्यांचा चार दिवसांत पडतो, तो पळून जाऊ नये म्हणून. त्याचा पाझर आडापर्यंत आला होता. आठवड्यापूर्वी तळाच्या गाळात पाणी दिसलं, त्याचा नमुना तपासायला पाठवला, कागद आला की जंतुनाशक टाकून पिण्यायोग्य आहे. पण गावात प्यायला कोणी तयार नव्हतं. सरपंच म्हणाले होते, गणपतकाका हो म्हणाले तर गाव हो. आणि गणपतकाका रोज येऊन आडापाशी आपल्या जुन्या घराच्या उरलेल्या उंबऱ्यावर बसत आणि नाही म्हणत.

यारी, म्हणजे विहिरीतला गाळ वर ओढायचं यंत्र, आखितीपर्यंतच मिळालं होतं. आखितीला सगळं गाव जुन्या जागी येऊन आपापल्या मेलेल्यांना पाणी देतं. त्या दिवशी गावाने आड मान्य केला तर कठडा बांधायचा. नाही तर यारी पुढच्या कामाला जाणार, पाऊस येणार आणि सगळं पुन्हा आत बसणार.

माझं काम असं की वर आलेला गाळ हाताने चाळायचा. नुसता फेकायचा नाही, त्यात लोकांची घरं होती. माळवदाची, म्हणजे धाब्याच्या छपराची, पांढरी माती, जिने घरं थंड ठेवली आणि तिनेच माणसं गाडली, ती ओली होऊन लोण्यासारखी झाली होती. पहिल्याच दिवशी मी त्यात घसरून बसले. "कोकणच्या बाईला धरा गं," एक जण ओरडली, "न्हाई तर आड बी ओतून देईल!" म्हणजे माझी कीर्ती माझ्याआधी पोचली होती. त्या हसल्या तेव्हा मला बरं वाटलं.

काका हसले नाहीत. पांढरा फेटा, हातात काठी.

"कौसे, तुमी माझं घर उपसून राहिल्या."

"व्हय काका. माझं बी."

"ह्या पाण्याला मढ्याचा वास हाय. कोण पिईल हे?"

"मी पिते. आल्या आल्या तांब्याभर पिले. मेले का?"

"तू लाज सोडलीस."

"सोडली," कौसल्या कमरेवर हात ठेवून म्हणाली. "टँकरच्या मागं हांडा घेऊन पळताना सोडली. तुमी घर दिलंत आडात ते माणसं वाचावी म्हणून. तवा बरोबर होतं. आता माणसं वाचायला आडच पायजे. आन् ऐका, ह्याला मोटर लागणार न्हाई. कधीच न्हाई. दोरीनं ओढायचं. दोरीनं ओढून ऊस पिकत न्हाई, म्हणून हे पाणी टिकंल."

काकांनी काठी आपटली आणि तोंड फिरवलं.

आखितीच्या दोन दिवस आधी माझ्या ढिगात एक चपटी वस्तू लागली. तांब्याची घागर, रस्त्यावरून गाडी गेल्यासारखी दाबलेली. पदराने चिखल पुसला तर काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं. लग्नात भांडं देताना कोरतात तसं. मी शिक्षिका, अक्षर दिसलं की मोठ्याने वाचते.

"रुक्मिणबाई."

यारी थांबली. बाया बघत राहिल्या. गणपतकाका उंबऱ्यावरून उठले, माझ्यापाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला. मी घागर दिली. त्यांनी ती छातीशी धरली आणि वाटेला लागले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. कोणी म्हणालं, औशाला जाणाऱ्या गाडीत बसले. "तहसीलला गेले आसतील," कौसल्या म्हणाली, "काम थांबवायला." त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा घाबरलेली पाहिली. संध्याकाळी ती आडाच्या काठावर बसून राहिली. "माझी माय रोज सकाळी हितं पैली यायची," ती मला म्हणाली. "तिला हे पाणी पुन्हा पाजायचं, एवढंच हाय माझं. बाकीचं मी गावाला सांगायला बोलते."

मी तिचा हात धरून बसले. वीस वर्षांपूर्वी यायला हवं होतं, तेही तिला सांगितलं. "आता आलीस न्हवं," ती म्हणाली.

आखिती

सकाळी गाव आलं. प्रत्येकाच्या हातात मातीचा नवा करा, वर आंबा, आणि बरोबर प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी. टँकरचं. आपापल्या घराच्या ढिगाऱ्यापाशी जाऊन लोक करा मांडू लागले.

कौसल्या आडाच्या काठावर उभी राहिली. आवाज नेहमीचाच, गावाच्या दोन्ही टोकांना जाणारा.

"जित्तेपणी ह्या आडाचं पाणी पिले ते लोक. तुमी त्यान्ला टँकरचं पाजायला आणलं? मेल्यावर बी टँकरच का त्यांच्या नशिबाला?"

तिने दोर सोडला, बादली ओढली, आईचा करा भरला आणि आपल्या ढिगाऱ्यापाशी नेऊन ठेवला. लोक बघत होते, पण बाटलीची झाकणं उघडावीत की नाही, कोणाला कळेना. सरपंच जमिनीकडे बघत होते.

तेवढ्यात वाटेवर पांढरा फेटा दिसला. गणपतकाका येत होते, आणि खांद्यावर घागर होती. तीच. ते तहसीलला गेलेच नव्हते. लातूरला तांबटाकडे दिवसभर बसून त्यांनी ती ठोकून घेतली होती. पोचे अजून दिसत होते, पण ती पुन्हा घागर झाली होती.

काका आडापाशी आले. घागर कौसल्यापुढे केली.

"भर."

तिने बादली ओतली. घागरीच्या पोटातल्या चिरेतून धार लागली.

"काका, गळून राहिली."

"गळू दे," काका म्हणाले. "तिला बावीस सालाची तहान हाय."

गळती घागर खांद्यावर घेऊन ते आपल्या घराच्या जागी गेले. जाताना वाटभर जमीन ओली होत गेली. त्यांनी बायकोच्या नावाने पाणी सोडलं, मग दोन्ही लेकरांच्या. घागरीत जे उरलं होतं ते त्यांनी तोंडाला लावलं. त्यांचा फेटा भिजला, सदरा भिजला, तरी पीत राहिले.

"पांढऱ्या मातीची चव हाय," ते म्हणाले. "तीच हाय."

मग गावातल्या बाया आडाकडे वळल्या. बाटल्यांतलं टँकरचं पाणी कोणी ओतलं नाही. झाकणं घट्ट लावून ते परत पिशवीत गेलं, घरी प्यायला. दोराला रांग लागली. मी एका कडेला उभी राहून इतकी रडले की या वेळी कौसल्यानेही अडवलं नाही.

निघताना तिने माझे दोन्ही कॅन आणून दिले. भरलेले होते.

"अगं, हे कशाला? तुम्हालाच..."

"ने. तुमच्या वाडीवर टँकर येतो न्हवं?" ती म्हणाली. "चव तरी बघा म्हणावं, आपल्या हातानं काढलेल्या पाण्याची."

घरी

मी रिक्षातून उतरले तेव्हा वाडीच्या तोंडाशी टँकर उभा होता आणि बाया हंडे घेऊन भांडत होत्या. एकीने विचारलं, "लातूरहून काय आणलंत?" मी म्हटलं, पाणी. त्या खूप हसल्या. मी अर्धा अर्धा पेला भरून एकेकीला दिला आणि त्या पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिले. टाकू दिला नाही.

सून सकाळी हंडा ओतायला निघते तेव्हा मी तिला अडवते. घरात कुरबुर आहे, होऊ दे.

आणि एक. आमच्या वाडीची विहीर, माझ्या परसातली नव्हे, देवळामागची मोठी, नळ आला तेव्हा आपण बुजवली. भूकंप झाला नव्हता, कोणी मेलं नव्हतं. आपण तिच्यात नारळाची सोडणं, फुटकी कौलं आणि गणपतीचं मखर टाकलं, जागा मोकळी होती म्हणून. पहिलं घमेलं फुटक्या कौलांचं मी टाकलं होतं, हेही लिहून ठेवते.

येत्या सोमवारी सकाळी सात वाजता मी त्या विहिरीवर असणार आहे. ज्याला लातूरविषयी अजून काही विचारायचं असेल त्याने तिथे यावं. घमेलं आपलं आपण आणावं.